सुईची वाट आणि गणिताचें जाळें

‘शीर सटकली’ हे दोन शब्द, ज्याच्या घरांत वृद्ध मनुष्य आहे त्यानें, दवाखान्यांत केव्हांना केव्हां ऐकलेच असतील. आजीबाईंचा हात परिचारिका आपल्या हातांत घेते. मनगटाच्या वर हिरवट-निळी शीर स्पष्ट दिसत असते. सुई नेमकी तिच्यावरच रोंखलेली असते. आणि तरीहि कातडी भेदून सुई आंत जातांच शीर हळूच बाजूस होते. मग दुसऱ्यांदा टोंचणें, तिसऱ्यांदा टोंचणें, आणि संध्याकाळपर्यंत हात काळानिळा. घरचीं माणसें परिचारिकेच्या नांवानें बोटें मोडतात, परिचारिका आजीबाईंच्या शिरांस बोल लावते. दोन्ही पक्षांचें म्हणणें अपुरें आहे. मऊ पदार्थांत अणकुचीदार वस्तु शिरूं लागली म्हणजे तो पदार्थ स्वस्थ राहात नाहीं. तो दबतो, ताणला जातो, सरकतो. आणि ज्या जागेवर नेम धरला ती जागाच सुई पोंचेपर्यंत हललेली असते. ह्या हालचालीचें गणित अलीकडे मांडतां येऊं लागलें आहे. त्याची ओळख वाचकांस करून द्यावी असा ह्या महिन्यांत विचार आहे.

विषय रुक्ष वाटेल, म्हणून त्याचा आपल्या घराशीं संबंध कसा येतो तें आधीं सांगतों. 2024 सालीं हिंगोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. आमच्या डोंगरकड्याच्या माणसास मोठ्या दुखण्यासाठीं नांदेडचा रस्ता धरावा लागे, कारण असें महाविद्यालय तेथें 1988 पासून आहे. आतां उलट दिशेसहि तशी सोय झाली. जिल्ह्यास डॉक्टर मिळणार ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु डॉक्टर हा कोणाच्या तरी अंगावर शिकूनच डॉक्टर होतो, हेंहि खरें. पुस्तकांतून शिरेचें नांव कळतें, शीर सांपडत नाहीं. विद्यार्थ्याच्या आयुष्यांतील पहिली सुई, पाठींतलें पाणी काढण्याची पहिली खेप, यकृताचा तपासणीसाठीं काढलेला पहिला तुकडा, हीं सगळीं ‘पहिलीं’ कोणाच्या वांट्यास येतात? ज्याच्याजवळ पैसा आहे तो सरावलेला हात शोधून काढतो. ज्याच्याजवळ तो नाहीं, तो दुसऱ्याचा हात सरावण्याचें साधन होतो. ही व्यवस्था कोणी कायदा करून घातलेली नाहीं, परंतु ती आहे, आणि केवळ आपल्याच देशांत आहे असेंहि नाहीं. एखाद्या आजीबाईनें समोर सुई घेऊन उभ्या असलेल्या तरुणास विचारलें, ‘बाळ, आजवर किती जणांना टोंचलं आहेस रे तूं?’ तर त्या प्रश्नांत उद्धटपणा कांहींच नाहीं. त्याला सरळ उत्तर देतां यावें अशी तजवीज करणें हें शिकविणारांचें काम आहे.

आपल्याकडील वैद्यकाचार्यांस ही अडचण पुरती ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय ह्याच विषयाला वाहिलेला आहे. शास्त्र कितीहि ऐकलें असलें तरी ज्यानें हातानें सराव केला नाहीं तो प्रत्यक्ष कर्मास अयोग्य, असा त्याचा आशय. ह्या सरावालाच तेथें ‘योग्या’ म्हटलें आहे. मौज आहे ती सरावाच्या वस्तूंच्या यादींत. छेदनासाठीं कोहळा, भोपळा, काकडी अशीं फळें. भेदनासाठीं पाण्यानें व चिखलानें भरलेल्या कातडी पिशव्या. शलाका घालून व्रणाचा मार्ग शोधण्यासाठीं किड्यांनीं पोंखरलेलें लांकूड, वेळू आणि वाळलेल्या भोपळ्याचें तोंड. रुतलेलें शल्य उपटून काढण्यासाठीं फणस व बेलफळ ह्यांचा गर आणि मेलेल्या जनावराचे दांत. शिवण्यासाठीं कापडाच्या व मऊ कातड्याच्या कडा. पट्टी बांधण्यासाठीं मनुष्याकृति बाहुलें. आणि शिरेचा वेध करावयाचा तर मेलेल्या जनावराच्या शिरा व कमळाचे देंठ.

ही यादी वरवर वाचली तर गंमत वाटते. लक्षपूर्वक वाचली म्हणजे तिच्यामागचा विचार दिसूं लागतो. कोहळा कांहीं माणसासारखा दिसत नाहीं, आणि कमळाचा देंठ शिरेसारखा दिसत नाहीं. साम्य धरलें आहे तें हाताला होणाऱ्या विरोधाचें. देंठ बाहेरून चिंवट, आंत पोकळ. सुईला थोडा जोर लागतो, मग तो एकदम सरतो. शिरेंत सुई गेल्याची खूण बोटांना कळते ती हीच. ज्यानें हा देंठ निवडला त्यानें आधीं पुष्कळ शिरा व पुष्कळ देंठ टोंचून पाहिले असले पाहिजेत. तरीहि देंठ सरावाच्या वेळीं हातांत घट्ट धरलेला असतो, आणि शीर मांस व मेद ह्यांच्यामध्यें सैल पडलेली असते. देंठ सटकत नाहीं, शीर सटकते. नमुना एका गुणानें खरा, दुसऱ्या गुणानें खोटा. ही उणीव कोणत्याहि भोपळ्यानें भरून निघण्यासारखी नव्हती.

सुई आंत जातांना काय होतें तें घरच्या घरीं पाहतां येतें. मुलांनीं अवश्य करून पाहावें. एक ताजें वांगें घ्यावें व गोधडी शिवण्याची मोठी सुई त्यावर उभी धरून अगदीं हळू दाबावी. प्रथम साल फुटत नाहीं. तिला खळगा पडतो, तो खोल होत जातो, आणि हाताला विरोध वाढत जातो. मग एका क्षणीं साल फुटते, विरोध एकाएकीं कमी होतो, आणि हात सांवरला नाहीं तर सुई ठरविल्यापेक्षां खोल जाते. त्यापुढें दोन विरोध उरतात: टोंकापुढचा गर कापला जाण्याचा, आणि सुईच्या अंगाला गर घासण्याचा. ह्यांतला दुसरा, सुई जितकी आंत जाईल तितका वाढतो. पिकलेल्या केळ्यावर हाच प्रयोग केला, आणि आमच्याकडे केळ्यांस तोटा नाहीं, तर सालीचा टप्पा तेवढा राहतो, पुढचा विरोध जवळजवळ नाहींसा होतो. 2004 सालीं अमेरिकेंत ऑकामुरा, सिमोन व ओलिअरी ह्या तिघांनीं गुरांच्या यकृतावर मोजमापें करून सुईवरील जोराचे नेमके हेच भाग पाडले: भेदापूर्वींचा दाब, आणि भेदानंतरचें घर्षण व छेदन. आमच्या पुष्कळ वाचकांस यकृताचा हा उल्लेख रुचणार नाहीं. परंतु ज्ञान कोठून आलें तें लपवून ठेवणेंहि बरें नव्हे.

आणखी एक गोष्ट. इंजेक्शनच्या सुईचें टोंक एका बाजूनें तिरपें घासलेलें असतें, हें सर्वांनीं पाहिलें आहे. त्यामुळें कापणें सोपें जातें. परंतु त्या तिरपेपणामुळेंच मांस टोंकाला एका अंगास ढकलतें, व लांब बारीक सुई सरळ न जातां वांकडी जाते. नेम धरणारास हा उपद्रवच. परंतु 2006 सालीं रॉबर्ट वेब्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, अशा लवचीक सुईची वाट, हँडल एका कोनांत जखडलेल्या सायकलीच्या वाटेसारखी असते. सुई स्वतःभोंवतीं फिरवून तिरपी बाजू बदलली कीं वळण बदलतें. म्हणजे मधल्या नाजूक जागेला वळसा घालून पलीकडे पोंचण्याचीहि आशा धरतां येते.

आतां गणिताकडे वळूं. लोखंडाची तुळई वजनानें किती वांकेल ह्याचें सूत्र कॉलेजांतल्या मुलास येतें, कारण तुळईचा आकार साधा. यकृताला असा आकार नाहीं. कोणतेंहि एक सूत्र त्यावर बसत नाहीं. अशा वेळीं गणिती जी युक्ति योजतात ती आपल्या परिचयाची आहे. भास्कराचार्यांनीं 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त गोलाच्या पृष्ठफळास चेंडूभोंवतींच्या जाळ्याची उपमा दिली आहे, आणि गोलाध्यायावरील आपल्याच टीकेंत गोलाच्या पृष्ठाचे लहान लहान तुकडे पाडून, त्यांचीं क्षेत्रफळें काढून, त्यांची बेरीज केली आहे. (ह्यांचे नातू चांगदेव ह्यांचा शिलालेख चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या सहलींस जाणारांनीं तिकडेहि वांकडी वाट करावी.) जें अखंड असतां हातीं लागत नाहीं, तें खंड पाडून हातीं लावावयाचें.

इंजिनियर लोक जिला ‘फायनाइट एलेमेंट मेथड’ म्हणतात, आणि आपण जिला परिमित-खंड-पद्धति म्हणूं, तिचें मर्म एवढेंच आहे. यकृताच्या आकृतीचे हजारों लहान चौपृष्ठी तुकडे कल्पावयाचे. प्रत्येक तुकड्याचे कोपरे शेजारच्या तुकड्यांच्या कोपऱ्यांस सांधलेले. एका तुकड्याचा नियम सोपा असतो: इतका जोर लावला तर कोपरे इतके सरकतील. परंतु एक कोपरा सरकला कीं तो शेजाऱ्यास ओढतो, शेजारी आपल्या शेजाऱ्यास. एकत्र कुटुंबांत माजघरांतली बोलाचाली ओसरीपर्यंत पोंचावी तसेंच हें. कोणालाहि एकट्याला वेगळें काढून त्याचा हिशेब करतां येत नाहीं. सर्व कोपऱ्यांचीं समीकरणें एकदम सोडवावीं लागतात; आणि तीं हजारोंनीं असल्यामुळें तें काम संगणकाचें.

ह्या कल्पनेचें बीज गणिती कूरांट ह्यांनीं 1943 सालीं प्रसिद्ध केलें. विमानाच्या पंखांचा ताठपणा काढण्याकरितां टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप ह्या चौघांनीं 1956 सालीं तिला प्रत्यक्ष रूप दिलें. आणि 1960 सालीं क्लफ ह्यांनीं तिचें आजचें नांव ठेवलें. महाराष्ट्रांत पुण्याच्या कारखान्यांच्या आधारानें ही विद्या चांगली रुजली. नितीन गोखले व त्यांचे तीन सहकारी ह्यांचें ह्या विषयावरील इंग्रजी पुस्तक 2008 सालीं पुण्याहूनच निघालें. कित्येक घरांतील मुलगा किंवा सून रोज कचेरींत मोटारीच्या दारावर असलें जाळें विणण्याचेंच काम करीत असते, आणि घरच्या वडील मंडळींस ‘कॉम्प्युटरवर कांहींतरी करते’ एवढीच माहिती असते. त्यांनीं हा लेख वाचून सूनबाईंस एकदां तें जाळें दाखवावयास सांगावें.

परंतु मांस म्हणजे पत्रा नव्हे. पोलादाच्या मानानें यकृत कोट्यवधि पट मऊ. पत्र्याला जोर दुप्पट लावला तर वांक दुप्पट येतो, आणि जोर काढला कीं तो पूर्ववत् होतो. मांसांत हा नियम अगदीं थोड्या ताणापर्यंतच चालतो. पुढें ताणावें तसतसें तें अधिकाधिक ताठ होत जातें. शिवाय मांसाला वेळेचें भान असतें. सुई भरकन गेली तर त्याला सरकण्यास अवधि मिळत नाहीं. हळू गेली तर तें दबत दबत दूर जातें. (अनुभवी परिचारिका झटक्यानें टोंचते ती निर्दयपणामुळें नव्हे.) आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे सुई पदार्थ कापते. जाळ्याचे सांधे तुटतात, आणि तुटल्या जागीं नवें जाळें विणावें लागतें. सुईची जाडी अर्ध्या मिलिमीटराच्या आंतबाहेर, आणि यकृत वीतभर. सर्वत्र सुईच्या मानाचें बारीक जाळें केलें तर संगणक थकतो. म्हणून सुईजवळ बारीक व दूर मोठ्या घरांचें जाळें करून, सुई सरकेल तसें बारीक जाळेंहि तिच्यासंगें सरकवितात.

सरावाच्या यंत्रांत आणखी एक अट आहे. विद्यार्थ्याच्या हातांत खोटी सुई असते व ती यंत्राच्या दांड्यास जोडलेली असते. समोर पडद्यावर शरीराचें चित्र. आणि गणितानें ठरेल तेवढा विरोध तो दांडा हाताला करतो. डोळ्यांचें समाधान सेकंदाला पंचवीस-तीस चित्रांनीं होतें. सिनेमा चालतो तो त्यावरच. हात मात्र फार संशयी. त्याला सेकंदाला सुमारें हजार वेळां नवा जोर द्यावा लागतो, नाहींतर मांस मऊ न लागतां थरथरतें व खरखरीत लागतें. एवढ्या त्वरेनें हजारों समीकरणें सुटणें कठीण. तेथें गणित्यांस अचूकपणा थोडा सोडून वेग पदरांत घ्यावा लागतो. सुश्रुताच्या देंठाला ही पंचाईत नव्हती, हें नमूद केलें पाहिजे.

कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत डिमायो व साल्कुडीन ह्यांनीं केलेलें, 2003 सालीं प्रसिद्ध झालेलें काम ह्या विषयांत पायाचें समजतात. त्यांनीं मांसासारख्या मऊ कृत्रिम पदार्थाच्या लादीवर ठिपके काढले, तींत यंत्रानें सुई खुपसली, कॅमेऱ्यानें ठिपके किती सरकले तें टिपलें, आणि त्यावरून सुईच्या अंगावर जोर कसा वांटला जातो तें उलट गणितानें काढलें. युक्ति मोठी सुंदर आहे. परंतु ह्या विद्येचें वर्महि येथेंच आहे. ती लादी एकजिनसी. माणूस तसा नाहीं. मेलेल्या जनावराच्या यकृतांत रक्ताचा दाब नसतो. जुनाट काविळीनें किंवा दारूनें कठीण झालेल्या यकृताचे आंकडे वेगळे, निरोगी यकृताचे वेगळे. सोळा वर्षांच्या मुलीच्या कातडीचे वेगळे, तिच्या आजीच्या कातडीचे वेगळे. अलीकडे ध्वनिलहरींच्या साह्यानें जिवंत माणसाच्या यकृताचा ताठपणा बाहेरूनच मोजतां येतो, त्यानें ही अडचण थोडी हलकी झाली आहे, पण थोडीच. व्याजाचें उदाहरण चोख सोडविलें आणि मुद्दल मात्र भलतेंच धरलें, अशा मुलाच्या पाटीवर आपण बरोबरची खूण करीत नाहीं.

मग ह्या खटाटोपाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. स्तनांतील लहान गांठ घ्या. ती सुईपुढें सरकते. सुई शेजारच्या निरोगी मांसाचा तुकडा घेऊन बाहेर येते. अहवालांत ‘कांहीं नाहीं’ असें लिहून येतें. घरांत देवापुढें साखर ठेवली जाते, आणि गांठ आपल्या जागीं वाढत असते. गांठ कोणत्या बाजूस व किती सरकेल ह्याचा अंदाज आधीं हातीं असणें हा येथें जीवनमरणाचा प्रश्न आहे. दुसरें उदाहरण बाळंतिणीचें. कळा सुसह्य व्हाव्या म्हणून पाठीच्या कण्याशीं औषध घालतात, तेव्हां सुईला एका चिंवट पिंवळ्या बंधांतून जावें लागतें. तो बंध संपतांच हाताचा विरोध एकदम सरतो, व नेमकें तेथेंच थांबावयाचें असतें. थोडें पुढें गेलें कीं मज्जारज्जूचें पातळ आवरण भेदलें जातें, आणि मग बाळंतीण उठून बसली कीं डोकें फुटावें अशी वेदना कांहीं दिवस मागें लागते. ही खूण शब्दांनीं शिकवितां येत नाहीं; ती कमळाच्या देंठाचीच खूण आहे. तीच संगणकाच्या सुईनें शंभर वेळां अनुभवतां आली, तर शंभर बाळंतिणी वांचल्या.

सुईच नको, असाहि एक पक्ष आहे. पवईच्या आय. आय. टी.मध्यें प्रा. विरेन मेनेझिस ह्यांच्या मंडळींनीं आघातलहरीच्या जोरावर औषधाची बारीक धार कातडींतून आंत सोडणारी पिचकारी तयार केली, आणि उंदरांवरील तिच्या प्रयोगांचें वृत्त 2024 सालीं बाहेर आलें. इन्शुलिनसारख्या औषधाला ती उपयोगी पडेल. परंतु खोल गांठीचा तुकडा पिचकारीनें बाहेर निघत नाहीं. तेथें सुईच हवी.

2019 सालीं लागू झालेल्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमानें हातांच्या कौशल्यावर भर दिला, आणि 2020 च्या नियमांनीं प्रत्येक महाविद्यालयांत कौशल्य-प्रयोगशाळा असलीच पाहिजे असें ठरविलें. नियम चांगला आहे. मात्र नियमांत असणें व वापरांत असणें ह्यांत अंतर पडतें. शाळेंतील सूक्ष्मदर्शक यंत्र तपासनीस साहेबांच्या भेटीपुरतें कपाटाबाहेर येतें, हें आम्हीं हयातभर पाहिलें आहे. रबरी हातांची व संगणकाच्या सुईची तशी गत होऊं नये. आमचें मत असें कीं, रुग्णाच्या अंगाला हात लावण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें खोट्या अंगावर किती वेळां सुई घातली ह्याची वही असावी, व कोणा आजीबाईनें विचारलें तर ती पुढें करतां यावी. वहीला खर्च फारसा नाहीं. उलट, संगणकावर शंभर वेळां टोंचलें म्हणजे हात तयार झाला असें समजणारेहि निघतील. त्यांस लादीवरच्या ठिपक्यांची आठवण द्यावी. पहिल्या खऱ्या सुईच्या वेळीं शिकविणाराचा हात शेजारीं असलाच पाहिजे.

तोंवर घरच्या मंडळींनीं लक्षांत ठेवण्यासारखें थोडें आहे. शिरेंत सुई घालतांना परिचारिका अंगठ्यानें कातडी खालीं ओढून धरते, ती सैल शीर ताणून एका जागीं जखडण्यासाठीं. त्या क्षणीं हात मागें ओढूं नये. हात आधीं कोमट पाण्यानें शेकला असेल तर शीर भरून येते, आणि सांपडावयास सोपी जाते. तान्ह्या मुलास लस बैठकीच्या जागीं न देतां मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या अंगास देतात. बैठकीच्या भागांतून पायाचा मोठा मज्जातंतु जातो, व त्याला सुई लागली तर पाय अधू होण्याचें भय असतें. आणि यकृताचा तुकडा काढावयाचा असेल तेव्हां डॉक्टर ‘श्वास रोखा’ म्हणतात. यकृत श्वासाबरोबर एक-दोन सेंटिमीटर वर-खालीं सरकत असतें; सुई आंत असतां रुग्णानें मोठा श्वास घेतला तर यकृतास जखम होण्याचा संभव असतो. श्वास आंत घेऊन रोखावयाचा कीं बाहेर सोडून रोखावयाचा, आणि किती वेळ, हें डॉक्टरांस आदल्या दिवशींच विचारून घ्यावें, व घरीं गादीवर पडून पांच-सहा वेळां तसें करून पाहावें.